काळ्या चौकटीचा ब्लॉक

बुधवारी दुपारी चार वाजता पंत खर्शीकर आमच्या कार्यालयात आले आणि बाई गेल्याचं त्यांनी सांगितलं.

डिसेंबर एकोणीसशे त्रेसष्टची गोष्ट. बाई म्हणजे नलिनाक्षी. बोलपटांच्या सुरुवातीच्या वर्षांत तिचं चित्र लागलं की आजूबाजूच्या खेड्यांतून बैलगाड्या जुंपून माणसं कोल्हापुरात यायची. 'काजळरेघ' या तिच्या शेवटच्या चित्रपटानंतर ती पडद्यावर दिसली नाही, गावातही दिसली नाही. पंत तिचे पती. लग्नाआधी ते तिच्याच स्टुडिओत प्रसिद्धीचं काम बघायचे, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारा दुसरा माणूस या भागात नव्हता.

मी तेव्हा दैनिकात उपसंपादक होतो. वृत्तसंपादक जोगळेकरांच्या समोरचं टेबल माझं, त्यामुळे सगळं बोलणं ऐकू आलं.

"केव्हा?" जोगळेकरांनी विचारलं.

"सकाळी अकराला. हृदयक्रिया बंद पडली. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं."

"अंत्ययात्रा?"

"खासगी. तशी तिचीच इच्छा होती. लोकांच्या डोळ्यांपुढे 'काजळरेघे'तली नलिनाक्षी राहावी, म्हणायची." पंतांनी चष्मा काढून पुसला. बंद गळ्याचा कोट, इस्त्रीची टोपी, सगळं नेहमीसारखं. मग कागदात गुंडाळलेली एक जड वस्तू त्यांनी टेबलावर ठेवली. "फोटोचा ब्लॉक आणलाय. तुमची धावपळ नको."

"उकिडवे घरी येऊन जातील," जोगळेकर माझ्याकडे बोट करून म्हणाले.

"घरी कशाला? मी सांगतोय ना. नवरा आहे मी तिचा."

"तुमच्यावर अविश्वास नाही, पंत. आमचा नियम आहे. आम्ही एकदा एका पैलवानाला मारलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःसाठी आलेला हार गळ्यात घालून या खुर्चीत येऊन बसला. ती खुर्ची अजून डुगडुगते."

पंत हसले. "उद्या सकाळी या मग. आज घरात बायकामाणसं आहेत, रडारड आहे."

"उद्या सकाळी अंक निघालेला असेल."

"तेही खरंच," पंत म्हणाले आणि उठले. "मला अजून दुसऱ्या पेपरात जायचंय. थिएटरवरही."

थिएटरवर 'काजळरेघ' शुक्रवारी पुन्हा लागणार होता. पंतांनीच नवी प्रत काढली होती. भिंतींवर पोस्टरं आठवडाभर होती, पण गावात त्याची फारशी चर्चा नव्हती.

ते गेल्यावर मी ब्लॉक उघडला. लाकडावर ठोकलेला जस्ताचा पत्रा, त्यावर नलिनाक्षीचा मान वळवून मागे बघतानाचा चेहरा. ब्लॉकात चित्र उलटं असतं, म्हणून तिच्या उजव्या गालावरचा तीळ डाव्या गालावर आलेला. चित्राभोवती जाड काळी चौकट, पत्र्यातच कोरलेली.

मी तो जोगळेकरांपुढे ठेवला. त्यांनी चौकटीवरून अंगठा फिरवला.

"आपल्याकडे ब्लॉक कुठून येतात, उकिडवे?"

"पुण्याहून."

"किती दिवस लागतात?"

"आठवडा तरी."

"आणि बाई आज सकाळी गेल्या." त्यांनी ब्लॉक माझ्याकडे सरकवला. "जा. आत्ता जा. हा बरोबर ठेवा."

घर कागलच्या रस्त्यावर होतं, गाव संपून उसाचे मळे सुरू होतात तिथे. मी सायकल फाटकाला टेकवली. बाहेर चपला नव्हत्या, बांबू नव्हते, रडण्याचा आवाज नव्हता. व्हरांड्यात शाल पांघरलेली एक बाई कठड्यावरच्या जास्वंदीच्या कुंडीतली माती खुरप्याने सैल करत होती. केस पुष्कळ पिकले होते, अंगावर मांस असं उरलंच नव्हतं. तिने मान वळवून मागे बघितलं आणि मला ओळख विचारावी लागली नाही.

"पंत घरी नाहीत," ती म्हणाली. "काय असेल ते त्यांना विचारा."

"मी पेपरातून आलोय."

"मग तर त्यांनाच विचारा. मुलाखती तेच देतात. माझ्याही."

पिशवीतून ब्लॉक काढताना तो हातातून निसटला आणि फरशीवर आपटला. लाकडाचा एक कोपरा फुटून निघाला. तिनेच वाकून ब्लॉक उचलला आणि उजेडाकडे धरला.

"फोटो चांगला निवडलाय," ती म्हणाली. मग काळ्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाली, "किती वाजता गेले मी?"

"सकाळी अकराला."

"कशाने?"

"हृदयक्रिया बंद पडून."

"बसा," ती म्हणाली. आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. ब्लॉक तिने मांडीवर ठेवला, काळी चौकट बोटांनी झाकून. "माझं लग्न मी पेपरात वाचलं. ठाऊक आहे तुम्हाला?"

"नाही."

"सेटवर होते. मेकअप करणाऱ्या बाईंनी पेपर आणून दिला. कुमारी नलिनाक्षी श्री. खर्शीकर यांच्याशी विवाहबद्ध होणार. मी पंतांना जाऊन विचारलं, हे काय? ते म्हणाले, बातमी गेली आता. खोटी ठरली तर स्टुडिओचं नाव जाईल, तुझंही जाईल. मला पटलं. तेव्हा मला पुष्कळ गोष्टी पटायच्या."

"आणि चित्रपट सोडलात ते?"

"तेही तुमच्याच पेपरात वाचलं. 'संसारासाठी चंदेरी दुनियेचा निरोप.' मी पुढच्या चित्रासाठी कपड्यांची मापं देऊन आले होते. दुसऱ्या दिवशी शिंपी सगळी मापं परत घेऊन दारात. बिचारा रडत होता." ती किंचित हसली. "पंतांनी दिलेली बातमी आजवर एकदाही खोटी ठरलेली नाही. आधी ते छापून आणतात. मग मी तसं वागते."

"अकराला काय झालं होतं?"

"औषध दिलं त्यांनी. रोज देतात, झोपेसाठी. आज पहिल्यांदा सकाळी दिलं. म्हणाले, चेहरा ओढलेला दिसतो, पड जरा. समोर उभे राहिले. मी पेला तोंडाला लावला आणि आडवी झाले. डोळे मिटून घेतले."

"मग?"

"बराच वेळ उभे होते उशाशी. मग दार लावून घेतल्याचा आवाज आला." तिने कुंडीकडे बघितलं. "फार कडू होतं. गिळलं नाही, गालात धरून ठेवलं होतं. नंतर त्या कुंडीत थुंकले."

जास्वंदीचं झाड टवटवीत होतं. त्यावरून काही सिद्ध होत नाही.

"बाई, तुम्ही आत्ता माझ्याबरोबर चला."

"सायकलवर?"

"हो."

"नलिनाक्षी डबलसीट," ती म्हणाली. "गाव लोटेल बघायला. पंतांना आयती जाहिरात." मग तिचा आवाज खाली आला. "तिन्हीसांजेला तुमच्या पेपरची एक गाडी इथून जाते. वळणावर भोंगा वाजवते."

"बाहेरगावची आवृत्ती असते ती. निपाणी आणि बेळगाव."

"माणसं घेतात?"

"कधीमधी."

"बायका?"

"मी ड्रायव्हरला सांगतो. वळणावर थांबेल. तिकडे कोणी आहे तुमचं?"

"नाही. म्हणूनच तिकडे."

फाटक वाजलं. तिने ब्लॉक शालीखाली घेतला, इतक्या सहज की मला तो कुठे गेला ते कळलं नाही. पंत पायऱ्या चढून वर आले. त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, पुष्कळ वेळ, मग माझ्याकडे.

"उकिडवे. आलातच तर."

"बाई सुखरूप आहेत, पंत."

"आहेतच." ते कोट काढून खुंटीला लावत होते. "अहो, ही दोन दिवसांची बातमी आहे. उद्या गेल्याची. परवा सुखरूप असल्याची, तिच्या हसऱ्या फोटोसह. शुक्रवारी थिएटरला पोलीस लावावे लागतील. जोगळेकरांना हे समजायला हवं होतं. चाळीस साली आम्ही पेपरात हिला पंचगंगेत बुडवली होती, तेव्हा तर ते स्वतः धावत घाटावर आले होते."

"बाईंना ठाऊक आहे हे?"

"सांगणारच होतो. काय गं नलू, वाईट वाटलं?"

"नाही," ती म्हणाली.

"सकाळी औषध घेतलंस ना?"

"घेतलं की."

"सगळं?"

"सगळं. तुम्ही उभेच होतात."

"झोप लागली नाही?"

"लागली थोडी."

तिचं काम मी पडद्यावर अनेकदा बघितलं होतं. त्या संध्याकाळी तिने चेहऱ्यावर काहीच दिसू दिलं नाही, आणि तेच तिचं सगळ्यात मोठं काम होतं असं मला वाटतं. पंत मान हलवत राहिले, हिशेबात न बसलेली एखादी गोष्ट आठवल्यासारखे.

"ब्लॉक कुठाय?" त्यांनी मला विचारलं.

"कार्यालयात."

"असू द्या. लागेलच." त्यांनी फाटकाकडे हात केला. "तुमचाही अंक लागायचा असेल."

मी उठलो. पायऱ्या उतरत असताना मागून ती म्हणाली, "तुमच्या त्या गाडीवाल्याला सांगा, भोंगा जरा बेताने वाजव. रोज दोनदा वाजवतो, झोपमोड होते. आज एकदा पुरे."

"सांगतो," मी म्हणालो.

"तक्रारी करायला बरा माणूस सापडला तुला," पंत म्हणाले.

कार्यालयात जोगळेकरांनी सगळं ऐकून घेतलं. पोलीस इन्स्पेक्टर त्यांच्या ओळखीचे होते, त्यांना माझ्यासमोर फोन केला. पलीकडचं हसणं मला ऐकू येत होतं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, जिवंत बाईच्या खुनाची तक्रार कोणत्या कलमाखाली लिहून घेऊ. पंतांची जुनी खोड आहे म्हणाले. सकाळी हवालदार पाठवतो." त्यांनी फोन ठेवला. "बातमी आपण घेत नाही. कुठलीच. दुसऱ्या पेपरालाही सांगून बघतो."

त्यांनी तिकडे फोन केला. तिकडच्या वृत्तसंपादकाने सांगितलं की पंत स्वतः येऊन गेले, नवऱ्यापेक्षा खात्रीचा माणूस कोण, आणि तुम्ही आमची बातमी अडवू नका.

मी खाली गेलो. शिदू ड्रायव्हर मागच्या बाजूला गठ्ठे रचून ताडपत्री बांधत होता.

"वळणावर थांबायचं," मी म्हणालो. "एकदाच भोंगा. एक बाई येतील."

"बाईमानूस?" शिदूने दोर दाताने ओढून गाठ मारली. "पुढं बसवू का मागं?"

"त्या म्हणतील तिथे. काही विचारू नकोस."

"मी कशाला इचारतोय. उतरवायचं कुठं?"

"म्हणतील तिथे."

"झ्याक हाय," शिदू म्हणाला. "म्हंजी गाडीची मालकीणच की."

गाडी वेळेवर सुटली. मी वर जाऊन अंकाचं काम केलं.

सकाळी तो दुसरा पेपर आमच्या टेबलावर होता. पहिल्या पानावर नलिनाक्षी मान वळवून मागे बघत होती. जाड काळी चौकट, सगळ्या कडा नीट सरळ. ब्लॉक तिच्या शालीखाली होता. म्हणजे पंतांनी दोन करून घेतले होते.

शिदू नुकताच परत आला होता. चहा पीत उभा होता.

"आल्या का?"

"न्हाई. थांबलो की. भोंगा वाजिवला, एकदाच, तुमी म्हंतलासा तसा. बिडी संपूस्तवर थांबलो. कोन बी आलं न्हाई."

"घरात दिवा होता?"

"व्हता. व्हरांड्यात कोनतरी हुबं व्हतं, बाप्या. बघत व्हता रस्त्याकडं." तो थांबला. "एक सांगू? निपानीला गठ्ठे उतरायला गेलो तर ताडपत्रीचा येक कोपरा सुटल्याला. माझी गाठ सुटत न्हाई कधी."

"आत कोणी होतं?"

"अंधारात काय दिसतंय. गठ्ठे सगळे व्हते. त्याच्यावर कोन बसून आलं नि गाडी थांबल्याव उतरून गेलं, तर मला कसं कळनार? का दोरच जुना झालाय, देव जाने."

मी घाटावर गेलो. पंचगंगेच्या काठी एक चिता जवळजवळ विझत आली होती. लाकडं रचून देणारा माणूस म्हणाला, पहाटे आणलं, चारपाचच माणसं होती.

"चेहरा बघितला?"

"झाकलेला होता. लुगडं, हार, सगळं घट्ट बांधलेलं. नवरा म्हणाला उघडायचं न्हाई, तसं मयताचं मागणं होतं."

"आणखी काही?"

त्याने काठीने राख आत सारली. "लई हलकं होतं."

तिच्या अंगावर मांस नव्हतं, हे मी आदल्या दिवशी पाहिलं होतं. म्हणून हेही नोंदवून पुढे जावं लागतं.

घरी पोचलो तेव्हा हवालदार परत निघाला होता. डॉक्टरांचा दाखला होता, त्यावर हृदयक्रिया बंद पडल्याचं लिहिलं होतं, आणि दाखला बरोबर होता असं त्याने मला सांगितलं. पंत व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते, पांढरं उपरणं घेऊन. फाटकाबाहेर माणसं जमायला लागली होती. हार घेऊन आलेल्या बायका होत्या.

"केव्हा गेल्या?" मी विचारलं.

"काल. तिन्हीसांजेनंतर."

"काल दुपारी चारला तुम्ही आम्हाला सांगितलंत."

"सांगितलं होतं ना?" पंत म्हणाले. "मग विचारता काय. बातमी आधीच द्यावी लागते, उकिडवे. नंतर दिली की उशीर होतो."

ते मला घाबरवत नव्हते. हातखंडा कामातली एखादी गोष्ट नवशिक्याला समजावून सांगावी, तसं बोलत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं होतं असं मी शपथेवर सांगू शकणार नाही.

"काल मी थांबलो असतो तर काय झालं असतं?"

"चहा झाला असता."

"बाईंच्या जवळ एक ब्लॉक होता," मी म्हणालो.

पंतांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही तर म्हणालात, कार्यालयात आहे."

ते उठले, आत गेले, आणि मला कपाटांची दारं उघडल्याचे आवाज ऐकू येत राहिले, एकामागून एक. पेट्या ओढल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले तेव्हा उपरणं खांद्यावरून गळालं होतं आणि हात रिकामे होते. बाहेरच्या गर्दीकडे बघून त्यांनी उपरणं सावरलं आणि हात जोडले.

जास्वंदीची कुंडी कठड्यावर नव्हती. ती होती तिथे दगडावर गोल ओला डाग होता.

शुक्रवारी थिएटरला पोलीस लावावे लागले. 'काजळरेघ' किती आठवडे चालला ते आता कोणाला आठवत नाही, पण गावोगाव चालला. जोगळेकरांनी चौकशीसाठी वर अर्ज केला. तपास झाला, म्हणजे डॉक्टरांना विचारलं गेलं, त्यांनी दाखल्यात होतं तेच सांगितलं. अस्थी विसर्जित झाल्या होत्या. बेळगाव आणि निपाणीच्या पोलिसांकडे मी स्वतः जाऊन आलो. पन्नाशीकडे झुकलेल्या, हाडकुळ्या, शाल पांघरलेल्या बायका सगळीकडे असतात, असं तिथल्या फौजदाराने सांगितलं. त्याने 'काजळरेघ' बघितला होता. तशी बाई दिसली असती तर ओळखलीच असती, म्हणाला. आता ती कशी दिसत होती, हे फक्त पंतांना आणि मला ठाऊक होतं.

पंत त्यानंतर बरीच वर्षं त्याच घरात राहिले. शिदू सांगायचा, गाडी वळणावर आली आणि भोंगा वाजला की म्हातारा फाटकाशी येऊन उभा राहायचा आणि मागची ताडपत्री बघायचा. ते वारले तेव्हा ती बातमी आम्ही घरी जाऊन, खात्री करून मगच छापली.

मागच्या वर्षी खिळे जुळवून छपाई करणाऱ्या जुन्या छापखान्यांवर मी लेख लिहीत होतो. त्यासाठी बेळगावला गेलो. शहापूर भागातला एक छापखाना बंद झाला होता आणि मालकाचा नातू सगळं भंगारात काढत होता. खिळ्यांच्या पेट्या, लाकडी खण, आणि एका टोपलीत जुने ब्लॉक. लग्नपत्रिकांचे गणपती, बँडवाले, वीणा घेतलेली सरस्वती. तळाशी एक ब्लॉक होता ज्याच्या लाकडाचा एक कोपरा फुटलेला होता.

मी तो उजेडात धरला. मान वळवून मागे बघणारा चेहरा, तीळ डाव्या गालावर. नातवाकडून शाईचा बोळा आणि कागद मागून घेतला आणि ठसा काढला. कागदावर तीळ उजवीकडे आला, जिथे होता तिथे.

"कोणी आणला होता हा?" मी विचारलं.

"आजोबांच्या वेळचा असणार," तो म्हणाला. "तेव्हा नाटकाचे, अभिनयाचे क्लास, मंडळं, सगळ्यांची हस्तपत्रकं आमच्याकडेच व्हायची. कोण आहेत या?"

"तुझ्या आजोबांनी कधी काही सांगितलं?"

"नाही."

चित्राभोवती चौकट नव्हती. पत्र्याच्या चारही कडांवर कानशीचे ओरखडे होते, आडवे, एकसारखे, सावकाश घासल्यासारखे. त्या कोणी घासल्या आणि केव्हा, हे त्याला सांगता आलं नाही.